रोगी कुत्रे आणि आमचे वाङ्मय

मराठी वाङ्मयात कुत्रा पावलोपावली भेटतो. आजारी कुत्रा मात्र शोधावा लागतो. आणि असा आजारी कुत्रा ज्या घरी राहिला, वर्षानुवर्षे राहिला, ते घर तर शोधूनही सापडणे कठीण. ही उणीव आजवर फारशी कोणास जाणवली नाही, कारण ती जाणवावी असे प्रसंगच थोडे होते. अलीकडे मात्र स्थिती पालटली आहे. वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, प्राणिमित्र मंडळ्यांच्या पत्रकांत एक नवाच गद्यप्रकार रुजला आहे. रस्त्याच्या कडेस पडलेले, अंगावरचे केस गेलेले, मागचे पाय ओढीत चालणारे एखादे कुत्रे कोणा सहृदय माणसाच्या दृष्टीस पडते, तो त्यास उचलून दवाखान्यात नेतो, औषधपाणी होते, केस पुन्हा उगवतात, मग त्यास 'हक्काचे घर' हवे अशी विनंती छापून येते, आणि अखेरीस एखादे प्रेमळ कुटुंब त्यास आपलेसे करते. सर्वांत शेवटी छायाचित्र: गळ्यात नवा पट्टा, शेजारी हसणारी मुले.

असे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत, आणि ते कोरड्या डोळ्यांनी वाचले असे म्हणवत नाही. ज्यांच्या हातून ही कामे होतात त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण काम चांगले म्हणून त्याविषयीचे लेखनही चांगले, असे होत नाही. आणि येथे लेखनातील दोष निव्वळ अभिरुचीच्या प्रांतात राहत नाही. कवितेतला चंद्र खोटा निघाला तर कोणाचे काही जात नाही. परंतु असला गोड लेख वाचून एखादे कुटुंब हुरूपाने कुत्रे घरी आणते. दुसऱ्या आठवड्यात सतरंजी घाण होते, तिसऱ्यात औषधाचे बिल येते, चौथ्यात घरमालकाचा निरोप येतो, आणि ते मुके जनावर पुन्हा रस्त्यावर जाते, एकदा घराची सवय झाल्यावर जाते. लेखाने त्या कुटुंबास ज्या गोष्टी सांगितल्या नाहीत त्यांचा दंड कुत्र्याने भरावयाचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून या गद्यप्रकाराची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आणि ती करावयाची तर त्याचे कूळ शोधल्यावाचून गत्यंतर नाही.

महाप्रस्थानिक पर्वातला कुत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. द्रौपदी पडली, भाऊ पडले, आणि युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला व कुत्र्यास टाकून ये म्हणाला. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. येथवरची कथा इतकी थोर आहे की जगाच्या वाङ्मयात तिला जोड क्वचितच मिळेल. परंतु पुढे काय होते? कुत्रा कुत्रा राहत नाही. तो साक्षात धर्म ठरतो, आणि युधिष्ठिराने जे केले ते परीक्षेस उतरणे होते असे आपणांस कळते. नामदेवांच्या कथेतही हेच. कुत्र्याने भाकरी पळवली, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले, आणि कुत्र्याच्या ठायी विठ्ठल प्रकटला. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा ओलांडली की माहूर लागते. दत्तात्रेयाच्या या स्थानी आमच्याकडील लोक पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. तेथून आणलेल्या तसबिरीत दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतात, आणि ते चार वेद होत असे घरातील वडीलधारे मुलांस सांगतात. तीन ठिकाणी तीन कथा, आणि तिन्ही ठिकाणी कुत्र्यास मान मिळाला तो तो कुत्रा नाही असे ठरल्यामुळे! त्याच तसबिरीखाली बसून दारात आलेल्या कुत्र्यास हाड म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरांस त्यात विसंगती वाटत नाही. वेदांस का कोणी हाड म्हणते?

यावर कोणी म्हणेल की हीच तर आमच्या संतांची थोरवी. सर्वां भूती देव पाहावा हाच त्या कथांचा अर्थ. अर्थ खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की हा अर्थ कथेच्या शेवटी चटकन हाती लागतो आणि मग कथा थांबते. देव दिसला की खरूज दिसेनाशी होते. एकनाथांची गोष्ट या दृष्टीने अधिक बोलकी आहे, कारण तीत खरोखरच व्याकूळ जनावर आहे. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली. यापेक्षा मोठे औदार्य कोणते? पण गाढव उठले आणि गोष्ट संपली. ते कोठे गेले, दुसऱ्या दिवशी त्यास पाणी कोणी दिले, हे विचारण्याची आपणांस कधी आठवणही झाली नाही. आमच्या कथांतील दया क्षणाची आहे. शुश्रूषेस मात्र दिवस लागतात, आणि ते दिवस लिहिण्याची रीत आमच्याकडे पडली नाही.

दुसरी परंपरा इमानाची. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्याचे शिल्प 1936 साली उभे राहिले. त्याच्या इतिहासाविषयी वाद आहे. समकालीन पुरावा नाही असे अभ्यासक म्हणतात, आणि गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाने त्या कथेस जी कीर्ती दिली ती इतिहासापेक्षा काव्याची आहे, यात शंका नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. ही स्मारके ज्या गुणासाठी उभारली तो गुण कुत्र्याने माणसाशी राखलेल्या निष्ठेचा. माणसाने कुत्र्याशी राखलेल्या निष्ठेचे स्मारक आमच्या पाहण्यात नाही. होमरच्या महाकाव्यात आर्गोस नावाचा म्हातारा कुत्रा आहे. धनी वीस वर्षे परदेशी. तो शेणखताच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेल्या अंगाने पडलेला. वेषांतर करून आलेल्या धन्यास तो एकटाच ओळखतो, शेपूट हलवतो आणि मरतो. ओडिसियस चोरून डोळे पुसतो. हा प्रसंग वाचून आजवर असंख्य वाचकांनी कुत्र्याच्या इमानाची वाखाणणी केली असेल. पण त्या ढिगावरून त्यास उचलावे, अंगावरच्या गोचिडी काढाव्यात, असे त्या भल्यामोठ्या वाड्यात कोणास वाटले नाही, हे कवीने स्पष्ट सांगितले आहे, आणि आमच्या मते त्या प्रसंगाचे खरे मर्म तेच आहे.

वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या आद्य मराठी गद्याकडे वळल्यास आश्रयाची एक कथा मिळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'लीळाचरित्रा'त, पारध्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो. पारधी मागतात, स्वामी शरण आलेल्यास देत नाहीत. पारधी गेल्यावर स्वामी सशास जावयास सांगतात आणि तो रानात निघून जातो. म्हाइंभटाच्या थोडक्या शब्दांत हा प्रसंग इतका नेटका उतरला आहे की त्यात एक अक्षर घालावे वा काढावे असे वाटत नाही. तथापि येथे कुत्रा पारध्याच्या बाजूस आहे, हे एक. आणि दुसरे असे की सशाला परत जावयास रान आहे. वन्य जीवास वाचविणे म्हणजे सोडून देणे. कुत्र्याचे तसे नाही. दहा हजारांहून अधिक वर्षे तो माणसाच्या चुलीजवळ राहिला आहे. त्याचे रान आपण केव्हाच काढून घेतले. त्यास वाचविणे म्हणजे ठेवून घेणे, आणि ठेवून घेण्याची कथा सोडून देण्याच्या कथेहून फार अवघड असते.

हा भेद विदर्भाच्या वाङ्मयात ठळकपणे उमटला आहे. आमचे रान भाग्यवान; त्यास मारुती चितमपल्ली मिळाले. पक्षी, अस्वले, हरणे, झाडे यांची नावे त्यांनी मराठीस बहाल केली, आणि 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा एक सबंध अरण्यकोशच मिटल्यासारखे वाटले. रानाविषयी आमचे मनही जागे आहे. पांढरकवडा-राळेगावच्या टापूत नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळीस बळी पडली, तेव्हा देशभर कोण खळबळ उडाली! गावकऱ्यांचे मृत्यू एका बाजूस, वाघिणीची दोन पिले दुसऱ्या बाजूस; आणि दोन्ही दुःखे खरी होती. त्या मोहिमेत वाघिणीचा माग काढण्यासाठी इटालियन जातीचे मोठे कुत्रे आणले गेले होते. त्या कुत्र्यांच्या वार्ता छापून आल्या. परंतु ज्या गावांत हे सारे घडत होते तेथील गावठी कुत्री, जी रात्री पहिल्याने भुंकली असतील आणि पहिल्याने बिबट्याच्या तोंडी जात असतील, त्यांच्यावर कोणी ओळ खर्चिल्याचे आम्हांस आठवत नाही. वाघास नाव मिळते, परदेशी कुत्र्यास बातमी मिळते. गावठ्यास काहीच नाही.

आणि तरीही गावठी कुत्रा आमच्या जिल्ह्याच्या जीवनात किती खोल गेलेला आहे! तूर आणि कापूस हाताशी आला की शेतकरी जागलीस जातो. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत वर्षाचा घास नेतात, म्हणून माचणावर अंगाभोवती घोंगडी लपेटून बसावयाचे, आणि खाली कुत्रा. या जागलीची मराठीत अजून म्हणावी तशी कथा झाली नाही; हिंदीत मात्र तिची सख्खी बहीण आहे. प्रेमचंदांची 'पूस की रात' 1930 सालची. हल्कूने घोंगडीसाठी जमवलेले तीन रुपये सावकारास दिले आहेत. थंडीने दातखीळ बसते. शेवटी तो जबरा नावाच्या आपल्या कुत्र्यास कुशीत घेतो. कुत्र्याच्या अंगास दुर्गंधी येते. प्रेमचंदांनी ही दुर्गंधी झाकली नाही, आणि ती असतानाच हल्कूस मिळालेले सुख सांगितले, यात त्यांची सारी थोरवी आली. आमचा एखादा लेखक असता तर त्याने कुत्र्यास आधी आंघोळ घातली असती! पुढे नीलगाई शेत फस्त करतात, जबरा घसा बसेपर्यंत भुंकतो, हल्कू राखेजवळ निजून राहतो. कुत्र्याने इमान राखले, शेत वाचले नाही, आणि कुत्र्याचा कोणी सत्कार केला नाही. येथे कुत्रा देव झालेला नाही, वेद झालेला नाही. तो घाण वासाचा, उबदार, जागा कुत्रा आहे.

शुश्रूषेच्या लेखनासाठी आम्ही महादेवी वर्मांकडे बोट दाखवू. त्यांच्या 'मेरा परिवार' या 1972 च्या पुस्तकातील 'गिल्लू' हा लेख खारीच्या पिलाविषयीचा आहे; त्याच पुस्तकात नीलू कुत्राही आहे, पण आमच्या प्रस्तुत विषयास खारच अधिक उपयोगी. कावळ्यांनी चोचींनी घायाळ केलेले ते पिलू. कापसाने रक्त पुसणे, पेनिसिलिनचे मलम लावणे, कापसाची बारीक वात दुधात भिजवून तोंडाशी धरणे, दूध तोंडात न जाता बाजूने ओघळणे: हे सर्व त्या लिहितात. कपाशीच्या मुलुखातील आम्ही. कापसावर आमच्याकडे किती लिहिले गेले, भावावर, बोंडअळीवर, कर्जावर, आत्महत्यांवर, आणि ते लिहिले जाणे अगत्याचेच होते. पण बोटाएवढ्या जीवाच्या तोंडी दूध घालणारी कापसाची वात आम्हांस हिंदीत वाचावी लागली. खारीचे आयुष्य दोन वर्षांचे असते हे महादेवी कोठेही लपवीत नाहीत. गिल्लू मरतो. तो बरा झाला होता आणि तरी मरतो, आणि त्या लेखास त्यामुळे उणेपणा येत नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारे काही आहे काय? साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (1935) मोरी गाय आहे. तिचे आजारपण आणि मरण घरातल्या माणसाचे व्हावे तसे त्या घरास लागते. गुरुजींच्या भाषेवर भाबडेपणाचा आरोप करणे सोपे आहे. परंतु जनावराचे दुखणे हा घरचा प्रसंग होय, ही गोष्ट त्यांनी मराठी मुलांच्या मनावर कायमची कोरली. मात्र ती गाय होती. गाईच्या आजारास आमच्या घरात जागा होती, बैलासाठी पोळ्याचा सबंध सण होता. कुत्र्यासाठी यांपैकी काहीच नव्हते. पुढे पु. ल. देशपांड्यांनी पाळीव प्राण्यांवर लिहिले, ते खळाळून हसविणारे आहे, आणि त्यातील कुत्री मालकाच्या हौसेचे व पाहुण्याच्या हालांचे निमित्त आहेत. मध्यमवर्गीय घरात कुत्रा आला तो असा विनोदाच्या दारातून. विनोदी कुत्रा आजारी पडत नाही. पडला तर विनोद संपतो.

येथे गाडगेबाबांची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांचा दशसूत्री संदेश आमच्या भागात धर्मशाळांच्या आणि शाळांच्या भिंतींवर लिहिलेला असतो. त्यात अंध, पंगू, रोगी यांस औषधोपचार सांगितला आहे, आणि पशुपक्षी, मुक्या प्राण्यांस अभय सांगितले आहे. दोन निरनिराळ्या ओळी आहेत. ज्या काळात देवापुढे बकरे कापले जात, आणि त्याविरुद्ध बाबा गावोगाव हातात खराटा घेऊन फिरत, त्या काळात मुक्या जीवास अभय देणे हीच केवढी क्रांती होती. मागचे पाय गेलेले कुत्रे मात्र एकाच वेळी दोन्ही ओळींत बसते: ते पंगू आहे, रोगी आहे, आणि मुके आहे. त्यास नुसते अभय दिले तर ते निर्भयपणे मरेल. त्या दोन ओळी जोडून वाचण्याचे काम बाबांनी आमच्यावर सोपविले आहे असे समजण्यास हरकत नसावी.

आता त्या नव्या गद्यप्रकाराकडे परतू. त्याचा पहिला दोष असा की त्याने जुन्या कथांची सवय सोडलेली नाही. कुत्र्यास कुत्रा म्हणून दारात घेण्याचा त्याला अजून धीर होत नाही. देव करण्याचे दिवस गेले, म्हणून तो त्यास 'बाळ' करतो. घेणारे 'आई-बाबा' होतात, कुत्रे 'लेकरू' होते, उचलून आणणारा 'देवदूत' होतो. माया असेल तर कोणी कोणास काहीही म्हणावे. पण बाळ मोठे होते, बोलू लागते, आणि आजारातून उठले की आईचा जीव भांड्यात पडतो. दहा वर्षांच्या लुळ्या कुत्र्याचे असे होणार नाही. उपमेने अपेक्षा वाढते, आणि अपेक्षा मोडली की उपमा देणारा जबाबदार राहत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर. या लेखांत आजार हा नाटकाच्या पडद्यासारखा येतो: वर उचलला की आत सुख. रोगाचे नावही पुष्कळदा नसते. वस्तुतः नावातच सगळे असते. खरजेचे दोन प्रकार नेहमी आढळतात. एकीची लागण घरातील माणसांस काही काळ होऊ शकते, दुसरीची होत नाही. हे एक वाक्य लिहिले तर घरातील आजी निर्धास्त होईल किंवा सावध तरी होईल. गोचीड-तापास औषध आहे, पण ते साधारणपणे महिनाभर न चुकता द्यावे लागते. चौथ्या दिवशी कुत्रे ताजेतवाने दिसले म्हणून थांबवून चालत नाही. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी जननेंद्रियाची गाठ दिसावयास भयंकर, परंतु आठवड्यास एक याप्रमाणे काही सुया दिल्या की ती बहुधा संपूर्ण बरी होते. म्हणजे जे कुत्रे पाहून लोक तोंड फिरवितात तेच घरी न्यावयास सर्वांत सोपे असण्याचा संभव. उलट डिस्टेंपर. लस वेळेवर मिळाली असती तर तो टळला असता. झाल्यावर त्या विषाणूवर हुकमी औषध नाही, आणि वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा झोपेतही आयुष्यभर उडत राहू शकतो. आणि मोटारीखाली सापडून कणा मोडलेले कुत्रे? त्याचे मूत्राशय दिवसातून तीनचार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. हे वाक्य छापील लेखात आम्हांस अद्याप आढळले नाही. ते किळसवाणे वाटेल अशी लेखकांस भीती असावी. आम्हांस वाटते की या सबंध विषयातील सर्वांत प्रेमळ वाक्य तेच आहे.

स्थळाचा विचार तर या लेखनात नसतोच. मुंबई-पुण्याचा लेखक लिहितो आणि तो सर्वत्र लागू असल्यासारखा वाचला जातो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, पुसद, वणी, घाटंजी कोठेही जा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्यासाठी बसलेली आहे, आणि ज्या जिल्ह्याचे पोट शेतीवर आहे तेथे ती तशी असणे स्वाभाविक होय. कुत्र्याच्या हाडाची मोठी शस्त्रक्रिया निघाली की बहुधा नागपूर गाठावे लागते, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. लुळे कुत्रे घेऊन एस.टी.त कोण बसू देणार? तेव्हा मागच्या सीटवर पोते अंथरून, भाड्याच्या गाडीने. ज्या घरात मजुरी मोजून दिवस काढावयाचे तेथे हा खर्च कोणत्या भाकरीतून निघतो, हा प्रश्न भावनेने सुटत नाही. तरीही अशी घरे आहेत. दया ही सुस्थितांची चैन होय असे ज्यांस वाटते त्यांनी जागलीवरच्या शेतकऱ्याच्या शिदोरीचे किती वाटे होतात ते पाहावे.

भीतीचाही उल्लेख न्यायाने केला पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पाश्चरने 1885 साली लस योजिली. आज ती आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळते. तरी रोग एकदा प्रकट झाला की माणूस वाचत नाही हे भय तसेच आहे. ज्या आईच्या मुलास कुत्रे चावले तिला भूतदयेचे धडे देऊ नयेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, आणि अकराच दिवसांनी, 22 तारखेस, पिसाळलेली व आक्रमक वगळता इतरांस निर्बीजीकरण व लस देऊन मूळ जागी सोडावे असा तो बदलला. त्या पंधरवड्यात जे लिहिले गेले ते चाळून पाहावे. एका बाजूचा कुत्रा देवदूत होता, दुसऱ्या बाजूचा राक्षस. लस टोचलेला, एक कान किंचित कापलेला, अर्धवट बरा झालेला, साधा कुत्रा दोन्हीकडे अनुपस्थित!

चित्रपटाने हा विषय एकदा मोठ्या प्रमाणावर हाताळला. किरणराज के. यांचा '777 चार्ली' हा कन्नड बोलपट जून 2022 मध्ये आला व हिंदीसह इतर भाषांतही दाखविला गेला. एकलकोंडा कामगार, निर्दय पैदासकाराकडून पळालेली कुत्री, तिला जडलेला कर्करोग, आणि तिला बर्फ दाखवावयास त्याने केलेला उत्तरेचा प्रवास. त्याचा पूर्वार्ध आम्हांस मनापासून आवडला. जवळच्या नात्यांत पैदास केल्याने जनावराच्या देहाचे काय होते हे इतक्या लोकांसमोर मांडणे ही लहान कामगिरी नव्हे. पण नायकाचे नाव धर्म, पाठीस कुत्री, आणि वाट हिमालयाची! महाप्रस्थान पुन्हा सुरू झाले. औषधाचे डबे मागे पडले आणि आजार यात्रेत विरघळला. प्रेक्षक रडले, आम्हीही गहिवरलो. तरी थिएटराबाहेर येताना वाटले की बर्फ न पाहताच म्हैसूरच्या त्या घरात ती कुत्री आणखी काही महिने पडून राहिली असती, तो रोज तिच्याजवळ बसला असता, तर कथा अधिक धीट झाली असती. तुर्गेनेव्हची 'मुमू' 1854 ची आहे. तीत मुका गेरासिम नदीकाठी बुडणारे पिलू उचलतो, हाताने दूध पाजतो, जीव लावतो, आणि मालकिणीच्या लहरीखातर स्वतःच्या हाताने त्यास बुडवतो. तेथे हिमालय नाही. खोली आहे, मालकीण आहे, हुकूम आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या आजच्या कुटुंबास ती कथा अधिक ओळखीची वाटेल.

कुत्र्यास कुत्राच राहू देणारा मराठी कवी आम्हांस आढळला तो अरुण कोलटकर, आणि तोही इंग्रजी कवितेत. 'काळा घोडा पोएम्स' (2004) मधला त्यांचा भटका कुत्रा आपली वंशावळ सांगताना एकीकडे परदेशातून आणलेल्या शिकारी कुत्र्यांस आणि दुसरीकडे थेट युधिष्ठिराच्या कुत्र्यास भिडतो. पण असे सांगत तो मुंबईच्या चौकातील वाहतूक-बेटावर पडून असतो, आणि कोणी धर्म प्रकट होत नाही. त्याआधीच्या 'जेजुरी'त (1976) पडक्या मारुतीच्या देवळात एका कुत्रीने पिलांसह घर केले आहे. देवाने हरकत घेतलेली नाही, कवीने घेतलेली नाही. दोघांनीही तिला दुसरे काही केले नाही.

यवतमाळने मराठी साहित्य संमेलन दोनदा भरविले: 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली, आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या. दुसऱ्या वेळी उद्घाटन शेतकऱ्याच्या विधवा पत्नीच्या हातून झाले, म्हणजे दुःखास प्रत्यक्ष नाव-गाव देण्याचे धैर्य या भूमीस आहे. येथील लेखकाने जागलीवरच्या कुत्र्याचे उतारवय लिहावे; त्याचे डोळे गेल्यावर रोही आल्याचे त्यास कसे कळते, आणि त्यास शेतावर न्यावे की नाही यावर घरात काय बोलणे होते, ते लिहावे. आणि ज्यांस कथा लिहावयाची नाही, नुसती घरासाठी विनंतीच छापावयाची आहे, त्यांच्यासाठी आम्हीच एक मसुदा करून ठेवितो: 'कुत्री, गावठी, वय सुमारे सहा. मागचे पाय कायमचे निकामी. लघवी दिवसातून चार वेळा हाताने काढावी लागते, आम्ही शिकवू. रेबीजची लस दिली आहे, दरवर्षी द्यावी लागेल. फटाक्यांस भिते, मांजरावर धावते. महिन्याचा खर्च प्रत्यक्ष विचारावा. घरमालकाची परवानगी आधी घ्यावी. पूर्ण बरी होणार नाही. सकाळचे ऊन फार आवडते.' वैशाखात तेवढे शेवटचे वाक्य वगळावे. यवतमाळचे ऊन त्या महिन्यात कोणासच आवडत नाही.